बायकांच्या युद्धछावणीचं नाटक हौशी रंगमंचावर बसवताना

सांगली-साताऱ्याच्या हौशी संस्थांकडे चांगल्या अभिनेत्रींची वानवा नाही. वानवा आहे ती त्यांना पुरतील अशा भूमिकांची. स्पर्धेसाठी निवडलेल्या संहितेत बहुतेकदा दोन-तीन स्त्री पात्रं असतात आणि बाकीच्या मुली विंगेत प्रॉपर्टी (नाटकात लागणाऱ्या वस्तू) सांभाळत उभ्या राहतात. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने आग्नेय आशियात डांबून ठेवलेल्या बायकांचा विषय घेतला, तर दहा-बारा जणी सगळा वेळ रंगमंचावर असतात आणि एकीचंही काम दुसरीला देता येत नाही.

बीबीसीची ‘टेंको’ ही मालिका याच विषयावर होती. 1981 ते 1984 या काळात ती तीन पर्वांत दाखवली गेली. टेंको म्हणजे हजेरी. लॅव्हिनिया वॉर्नर यांना तिची कल्पना सुचली ती मार्गोट टर्नर या लष्करी परिचारिकेच्या आयुष्यावर संशोधन करताना. टर्नर स्वतः सुमात्राच्या छावण्यांमध्ये कैदेत होत्या. मालिका मिळाली तर जरूर बघा, पण तिची पात्रं, प्रसंग किंवा संवाद उचलू नका. त्यासाठी हक्क घ्यावे लागतात आणि ते हौशी संस्थेच्या आवाक्यातलं काम नाही. इतिहास मात्र कुणाच्या मालकीचा नाही. त्यावर आपली स्वतंत्र संहिता लिहा आणि तालमी सुरू करण्याआधीच ती, संहिता तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवा. प्रमाणपत्राचा क्रमांक हातात नसेल तर शेवटच्या आठवड्यात दिग्दर्शक तालीम सोडून कागदपत्रांच्या मागे धावत बसतो.

लिहिण्याआधी एवढं पक्कं करा

सिंगापूर पडलं 15 फेब्रुवारी 1942 ला. त्याच्या आदल्या दिवशी ‘व्हायनर ब्रूक’ हे जहाज बांका बेटाजवळ बॉम्बहल्ल्यात बुडालं. त्यावर 65 ऑस्ट्रेलियन लष्करी परिचारिका होत्या. 12 जणी समुद्रातच गेल्या. 16 फेब्रुवारीला किनाऱ्यावर 22 जणींना पाण्यात चालत जायला लावून मागून गोळ्या घातल्या, त्यातून एकटी व्हिव्हियन बुलविंकल वाचली. 32 जणी कैदेत गेल्या, 8 जणी तिथे मेल्या, 24 परत आल्या. त्यांच्याबरोबर ब्रिटिश आणि डच बायका होत्या, मिश्र वंशाच्या होत्या, नन होत्या, लहान मुलं होती. सुमात्रातलं पालेमबांग, मग बांका बेटावरचं मुंटोक आणि शेवटी पुन्हा सुमात्रात, बेलालाऊचा रबराचा मळा, असा त्यांचा प्रवास झाला. युद्ध संपल्याचं बेलालाऊत त्यांना 24 ऑगस्ट 1945 ला सांगितलं गेलं. म्हणून 15 ऑगस्टला छावणीत आनंद दाखवू नका, आणि अणुबॉम्बचा उल्लेख कुणा कैदी बाईच्या तोंडी घालू नका. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

संहितेत हमखास होणारी आणखी एक चूक म्हणजे कायद्याची. ‘जिनिव्हा करारानुसार आम्हाला अमुक मिळालं पाहिजे’ असं वाक्य लिहिण्याचा मोह होतो. 1929 चा करार युद्धकैदी सैनिकांसाठी होता आणि जपानने त्यावर सही केली असली तरी त्याला मान्यता दिली नव्हती. सामान्य नागरिकांसाठीचा करार झाला तो 1949 साली. पात्राने ते वाक्य म्हणायला हरकत नाही, पण समोरच्या अधिकाऱ्यावर त्याचा काहीही परिणाम होता कामा नये, आणि ते म्हणणाऱ्या बाईलाही पहिल्या महिन्यातच कळलं पाहिजे की ही भाषा इथे चालत नाही.

नेपथ्यात घड्याळ आणि कॅलेंडर ठेवणार असाल तर जपून. व्यापलेल्या मुलखात टोकियोची वेळ चालायची, म्हणजे सिंगापूरच्या आधीच्या वेळेपेक्षा दीड तास पुढे. भर दुपारी बाराच्या उन्हात कचेरीतलं घड्याळ दीड दाखवतं. जपानी कॅलेंडरवर 1942 हे साल 2602 असतं. प्रेक्षकांपैकी दोघांच्याच हे लक्षात येईल, पण तेवढ्यावरून सगळा प्रयोग किती अभ्यासून केलाय ते ठरतं.

युद्धकाळात बायका-मुलांना स्थानबद्ध करणं आपल्या भागालाही अपरिचित नव्हतं. ब्रिटिशांनी भारतातल्या जर्मन कुटुंबांना पुरंदरावर आणि साताऱ्यात ठेवलं होतं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यात बहुतांश बायका आणि मुलं. ही माहिती प्रयोगाच्या माहितीपत्रकात द्या, संहितेत घुसडू नका. वळिवडे ही निर्वासितांची वसाहत होती, साताऱ्यातली कुटुंबं नजरकैदेत होती, आणि सुमात्रात भूक आणि मलेरियाने माणसं मरत होती. तिन्ही एका मापाने मोजलं तर तिघांवर अन्याय होतो.

हजेरी

नाटकाचा कणा हजेरी आहे. ती नीट बसली तर बाकीच्या उणिवा झाकल्या जातात, ती ढिली राहिली तर कितीही चांगला अभिनय वाया जातो. म्हणून सहा आठवड्यांच्या तालमीतला पहिला आठवडा संहिता बाजूला ठेवा आणि फक्त हजेरीच बसवा.

बारा जणींची एकच ओळ करा, तोंडं प्रेक्षकांकडे. दोघींमध्ये 2 फूट धरलं तर ओळ साधारण 24 फुटांची होते आणि नाट्यगृहाच्या रंगमंचावर आरामात मावते. दोन-तीन रांगा केल्या की मागचे चेहरे हरवतात. हजेरी घेणारा पहारेकरी प्रेक्षागृहाच्या मधल्या वाटेने येऊ द्या आणि रंगमंचाखाली उभं राहूनच त्याने हुकूम सोडावा. मग प्रेक्षक आपोआप मोजणाऱ्याच्या बाजूला बसतात, आणि पुढचं सगळं काम ती अस्वस्थता करते.

हुकूम जपानीच ठेवा. ‘किओत्सुके’ म्हणजे सावधान. ‘केइरेइ’ म्हणजे वंदन, यावर कमरेतून वाकायचं, पाठ सरळ, हात मांडीवरून गुडघ्याकडे घसरतात, नजर जमिनीवर. ‘नाओरे’ म्हटल्याशिवाय वर यायचं नाही. ‘बांगो’ म्हणजे नंबर म्हणा. मग डावीकडून: इचि, नि, सान, शि, गो, रोकु, शिचि, हाचि, क्यू, जू, जू-इचि, जू-नि. ‘शि’ आणि ‘शिचि’ यात सगळ्यांचा गोंधळ होतो. तो सुरुवातीच्या हजेरीत ठेवून द्या, मूळच्या बायकांचाही झाला असणार. मात्र 1944 च्या प्रसंगात एकीनेही अडखळायचं नाही. दोन वर्षं रोज म्हटलेले आकडे झोपेतही बरोबर येतात.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. एक बाई मेल्यावर पुढच्या हजेरीत तिच्या आकड्याच्या जागी शांतता ठेवायची, असं जवळजवळ प्रत्येक दिग्दर्शकाला सुचतं. सहा, मग पोकळी, मग आठ. ऐकायला परिणामकारक वाटतं, पण ते खोटं आहे. आकडा बाईचा नसतो, जागेचा असतो. सातवी मेली की आठवी एक पाऊल सरकते आणि ‘शिचि’ म्हणते. रांगेत कुठेही खड्डा दिसत नाही. फक्त मोजणी बाराऐवजी अकरावर थांबते. हे क्रूर आहे आणि रंगमंचावर त्या पोकळीपेक्षा कितीतरी जास्त लागतं. सरकलेल्या आठवीने सवयीने ‘हाचि’ म्हणावं, पहारेकऱ्याने सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी, आणि दुसऱ्या वेळी तिला तो गेलेल्या बाईचा आकडा म्हणावाच लागावा. तिथे एकही संवाद लिहू नका.

बारा, अकरा, नऊ, सात असा उतार ठेवला तर चार हजेऱ्या पुरतात. ओळ प्रत्येक वेळी डावीकडून जुळवून घ्या, मोकळी जागा भरायला दोघींमधलं अंतर वाढवू नका. प्रकाशयोजनाकाराला सांगा की उजेडाचा पट्टा शेवटपर्यंत 24 फुटांचाच राहील. शेवटच्या हजेरीत सात जणी 14 फुटांत उभ्या असतात आणि उरलेली 10 फूट जमीन उजेडात रिकामी दिसते.

दोन दोष पहिल्या आठवड्यातच मोडून काढा. एक, आकडे शाळेच्या कवायतीसारखे तालात येतात. प्रत्येकीचा श्वास वेगळा ठेवा, आजारी बाईचा आकडा उशिरा आणि खालच्या पट्टीत येऊ द्या. दुसरा, प्रत्येक हजेरीत कुणीतरी रडतं. हजेरीत रडणं परवडत नव्हतं. वाकण्यात कसूर झाली तर थोबाडीत बसायची, तासन्‌तास उन्हात उभं केलं जायचं. रडणं ओळ सुटल्यानंतर, तेही एकीचंच.

भूक आणि आजार शरीरात

डोळ्यांखाली काजळ फासून उपासमार दिसत नाही, लांबून फक्त चष्मा घातल्यासारखं दिसतं. गालाच्या हाडाखाली आणि कानशिलावर त्वचेपेक्षा दोन छटा गडद तपकिरी लावा आणि कडा ओल्या स्पंजने पुसट करा. ओठांवर पावडर चेपली की ते सुकलेले दिसतात. पहिल्या अंकात चेहरे उन्हाने लालसर भाजलेले, तिसऱ्यात फिकट आणि पिवळट. केस उवांमुळे कापलेले, म्हणून विग मागवण्याच्या भानगडीत न पडता लांब केस घट्ट बांधून वर फडकं गुंडाळा.

बेरीबेरी नीट समजून घ्या, कारण ती नेमकी उलटी दिसते. सडीचा पांढरा भात सोडून दुसरं काही नसलं की ब-1 जीवनसत्त्व मिळत नाही. ओल्या प्रकारात पाय सुजतात. म्हणजे चेहरा खप्पड आणि पावलं फुगलेली. घोट्यापासून पोटरीपर्यंत कापसाचा पातळ थर, त्यावर क्रेप बँडेज, वरून त्वचेच्या रंगाचा लांब मोजा. बोटांनी दाबून सोडल्यावर खड्डा पडतो, हे डॉक्टरचं काम करणारीने एका प्रसंगात करून दाखवावं. प्रेक्षकांना खड्डा दिसणार नाही, पण ती किती वेळ त्याकडे बघत राहते ते दिसेल. सुक्या प्रकारात पायातला जोर जातो, पाऊल लोंबकळतं, त्यामुळे ती बाई गुडघा वाजवीपेक्षा उंच उचलून चालते. मलेरियाचा क्रम थंडी, ताप, घाम असाच ठेवा. खरी हुडहुडी पाव तासापासून तासभर चालते, रंगमंचावर 40 सेकंद भरपूर झाले. हनुवटीपासून सुरू करा, मग खांदे, मग सगळं अंग. बहुतेक जणी हातापासून सुरू करतात आणि ते नाटकी वाटतं. मिरजेत दवाखान्यांची कमी नाही. ओळखीतल्या एखाद्या नर्सबाईंना एका तालमीला बोलवा, रुग्ण उठवण्याची, पाठीला हात देण्याची पद्धत त्या दहा मिनिटांत शिकवतात.

भुकेल्या माणसाची हालचाल काटकसरीची असते. बसताना हाताचा आधार, उठण्याआधी एक थांबा, बोलताना हातवारे नाहीत. दुसऱ्या अंकापासून प्रत्येकीचे हातवारे अर्ध्यावर आणा, तिसऱ्यात अगदी गरजेपुरते. जेवणाच्या गप्पांचा प्रसंग जरूर घ्या. सिंगापूरमधल्या चांगीच्या तुरुंगात बायकांनी आठवणीतल्या पाककृती खरोखर लिहून काढल्या होत्या. पण त्या गप्पांत पुरणपोळी आणू नका. टाळी मिळेल आणि छावणी हातातून निसटेल. त्या बायकांच्या जिभेवर भाजलेलं मटण, केक आणि पुडिंगच असू द्या.

कपडे

प्रत्येकीचे तीन जोड शिवा: 1942, 1943 आणि 1945. पहिला जोड घरच्यासारखा, सुती फ्रॉक, परिचारिकांचा गणवेश, एखादीच्या पायात उंच टाचेचे बूट. तिसऱ्यात पडद्याच्या कापडाची चोळी आणि अर्धी चड्डी, पाय अनवाणी किंवा लाकडी तळाच्या सपाता, ज्यांना तिथे त्रोम्पा म्हणत. या सपाता सुताराकडून करून घेतल्या तर तळाला रबर लावू नका. विंगेतून येणारी ती खटखट हवी आहे. तिसरा जोड मापापेक्षा 2 इंच ढगळ शिवा आणि खांद्याची शिवण दंडावर उतरू द्या. त्याच बाईचं वजन दहा किलोने उतरल्यासारखं दिसतं.

इचलकरंजीचा मांजरपाट स्वस्त पडतो, पण त्याला खळ असते. धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवा, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो. मग 10 लिटर उकळत्या पाण्यात 100 ग्रॅम चहापूड आणि दोन मुठी मीठ घालून गाळून घ्या आणि त्यात कापड अर्धा तास ठेवा. कॉलर, कोपर आणि बगलेजवळ पॉलिश पेपर घासा, काठांवर किसणी फिरवा. कात्रीने फाडलेली भोकं लगेच ओळखू येतात. ठिगळं लावायचीच, त्या बायका टाके घालत होत्या. चिंध्या लोंबणारं कापड म्हणजे भिकाऱ्याचा वेष, आणि या बायकांनी शेवटपर्यंत नीटनेटकं राहायची धडपड सोडली नव्हती.

नेपथ्य

झोपायचा ओटा हाच मुख्य सेट. 6 बाय 4 फुटांच्या तीन लेव्हल (लाकडी चौथरे) शेजारी शेजारी लावल्या की 12 फूट लांब आणि 6 फूट खोल ओटा होतो. उंची दीड फूट. वर कळकाच्या पट्ट्या आणि चटया. प्रत्येकीला 2 फूट म्हणजे सहा जणी, बाकीच्यांचा ओटा विंगेत सुरू राहतो असं धरा. एकीने कूस बदलली की शेजारणीला बदलावी लागते, हे ब्लॉकिंग (हालचालींची आखणी) आयतंच मिळतं.

छत-भिंतींसाठी बारदान वापरायचं तर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची जुनी पोती ढिगाने मिळतात. ती तशीच टांगू नका. दिव्यांच्या उष्णतेने हळदीची पूड सुटते, पहिल्या दहा मिनिटांत रंगमंचावर खोकला सुरू होतो आणि समूहगानाचा विचका होतो. कृष्णेच्या घाटावर नाही, घरामागच्या हौदात तीन पाण्यांतून काढा आणि दोन दिवस वाळवा. पिवळसर छटा मागे राहते, ती उलट छान दिसते. वाळल्यावर आगीसाठी प्रक्रिया करा: 10 लिटर गरम पाण्यात 700 ग्रॅम बोरॅक्स आणि 300 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून पोती बुडवा, न पिळता सुकवा. एक तुकडा मोकळ्या जागेत काडीने पेटवून बघा, काडी काढल्यावर तो विझला पाहिजे. न विझल्यास पुन्हा बुडवा. पोती पुन्हा धुतली तर हा लेप निघून जातो.

काटेरी तार खरी आणायची नाही. काळ्या नायलॉन दोरीला दर 4 इंचांवर गाठ मारून तीन इंची तुकडे अडकवले की पाचव्या रांगेपासून फरक कळत नाही. पहारेकऱ्याची बंदूक लाकडी, साधारण 4 फूट 2 इंच लांब. त्या काळची जपानी आरिसाका एवढीच असायची. टेम्पोतून नेताना ती पोत्यात गुंडाळा आणि संस्थेचं पत्र ड्रायव्हरजवळ द्या. जपानी पात्रांना डोळे ओढलेली रंगभूषा करू नका, त्याने सगळा प्रयोग हलका होतो. टोपी, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या, ताठ मान एवढं पुरे. त्यांना मोडक्या मराठीत बोलायलाही लावू नका. ते जपानी हुकूम देतील आणि दुभाषी बाई सांगेल.

भोवतीचा उजेड दुपारी थेट डोक्यावरून, बिनफिल्टरचा पांढरा. पिवळा लावला की संध्याकाळ होते.

गाणं आणि गोधडी

पालेमबांगच्या छावणीत नोरा चेंबर्स आणि मार्गारेट ड्रायबर्ग यांनी बायकांचा आवाजांचा वाद्यवृंद उभा केला. वाद्यं नव्हती, म्हणून वाद्यांच्या रचना कंठातून, शब्दांशिवाय. पहिला कार्यक्रम 27 डिसेंबर 1943 ला झाला आणि त्यात ड्वोरझाक या संगीतकाराच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीचा संथ भाग होता. ड्रायबर्ग 21 एप्रिल 1945 ला बेलालाऊत वारल्या, सुटकेच्या चार महिने आधी.

आपल्या मुलींना एका सुरात गायची सवय असते, चार पट्ट्यांची नसते. दोनच पट्ट्या घ्या. चार जणी खर्ज धरतील, चार जणी चाल, तोंडाने फक्त ‘ऊ’ आणि मिटल्या ओठांचा ‘म’. मिरजेतल्या चर्चमध्ये गाणाऱ्या एखाद्या ताई मिळाल्या तर तिसरी पट्टीही बसते. सूर द्यायला हार्मोनियम वापरू नका, एकीने सूर लावावा आणि बाकीच्यांनी तो उचलावा. साथीचा ट्रॅक लावला तर प्रसंगाचा प्राणच जातो. दुसऱ्यांदा गाणं घ्याल तेव्हा गेलेल्या बायकांची पट्टी कुणीही भरून काढायची नाही.

चांगीच्या तुरुंगात 1942 साली बायकांनी तीन गोधड्या भरल्या. प्रत्येकीत 66 चौकोन, प्रत्येक चौकोन 6 इंचांचा, प्रत्येकीने आपलं नाव आणि एखादं चित्र भरलं. त्या पुरुषांच्या छावणीतल्या दवाखान्यात गेल्या आणि नवऱ्यांना आपली बायको जिवंत आहे हे टाक्यांवरून कळलं. सुमात्राच्या नाटकात ही गोधडी येऊ देऊ नका, जागा बदलते. चांगीवर लिहिताय तर घ्या, पण चौकोन 9 इंचांचे करा, 6 इंच शेवटच्या रांगेतून दिसत नाही. रंगमंचावर भरायचे चौकोन लाल जाड दोऱ्याचे आणि सुई गोधडीची घ्या. रोज टाके उसवून पुन्हा वापरता येतात.

बोलणं

सुरुवातीला सगळ्या एकमेकींना ‘मिसेस अमुक’, ‘सिस्टर’, ‘डॉक्टर’ आणि अहो-जाहो करतात. अधिकाऱ्याची बायको टायपिस्ट मुलीला अगं म्हणेल, मुलगी तिला नाही. हे कोणत्या प्रसंगात मोडतं ते संहितेत पेनाने खूण करून ठरवा, नाहीतर तालमीत अभिनेत्री आपापल्या सोयीने बदलतात. एकदा आजारपणात ‘पाणी पी गं’ निघून गेलं की परत अहो नाही. डॉक्टरला मात्र सगळ्यांनी शेवटपर्यंत ‘डॉक्टर’च म्हणावं. ते बिरुद तिला उभं ठेवतं.

प्रयोगाच्या दिवशी

सेट लागल्यावर आणि पहिल्या घंटेआधी दोघांनी रंगमंच हाताने चाचपून खिळे, टाचण्या, कळकाच्या सळ्या वेचाव्यात. बारा जणी अनवाणी आहेत. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांनी तालमीच्या काळातच घेतलेलं बरं. दुपारच्या सत्रात पोती आणि दिवे मिळून आत भट्टी होते, विंगेत मीठ-साखरेचं पाणी ठेवा आणि प्रत्येक एक्झिटला दोन घोट सक्तीचे करा. क्रेप बँडेज मध्यंतरात सोडून पुन्हा बांधा, बोटं बधिर होतात. वाकून उभ्या राहण्याच्या प्रसंगात कुणी गुडघे कडक ताणले तर चक्कर येते, गुडघे किंचित मोडते ठेवायला सांगा आणि सगळ्यात अशक्त मुलीला ओळीत टोकाला उभी करा, म्हणजे ती बसली तरी विंगेतला माणूस तिला आत घेऊ शकतो. मोजणी तेव्हा एकाने कमी करायची, हे पहारेकऱ्याला आधीच सांगून ठेवा.